कीबोर्डवरच्या रिदम गेममध्ये वेग वाढला की हात आखडतो, तंत्र कसं सुधारावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की ओसू मॅनिया या गेममध्ये 4 कीचे मॅप (गाण्यावर बसवलेले नोटांचे, म्हणजे की दाबायच्या खुणांचे क्रम) 150 बीपीएमपर्यंत (मिनिटाला ठोके) नीट जातात, पण 180 ला डावा हात ताठतो आणि बोटं अडकतात. बोटांत ताकद कमी आहे असं समजून तुम्ही रोज तेच कठीण मॅप खेळता. ते आधी थांबवा.

साधा हिशेब करा. 180 बीपीएमच्या स्ट्रीममध्ये (एकामागून एक सलग येणाऱ्या नोटांची रांग) एका ठोक्याला 4 नोट, म्हणजे सेकंदाला 12. डी, एफ, जे, के अशा 4 बोटांत त्या वाटल्या की एकेका बोटाच्या वाट्याला सेकंदाला सरासरी 3 येतात. एवढं तुमचं बोट आजही करतं. घोडं अडतं ते दाबण्यात नाही, सोडण्यात. बोट वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू मनगट ते कोपर या भागात असतात. नोटांचा लोंढा दिसला की आपण ते दोन्ही एकदमच आवळतो, मग बोट खालीही जाईना नि वरही येईना. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरी वाजवणाऱ्याचा हात पाहा: लय चढली की तो जोर वाढवत नाही, मनगट अजून सैल सोडतो. तुम्हालाही तेच शिकायचंय.

त्यासाठी हाफ टाइम मॉड (खेळण्याची पद्धत बदलणारा गेममधलाच पर्याय) लावा. वेग पाऊणपट होतो, 180 चा मॅप 135 वर येतो. कीचा आवाज येणार नाही इतक्या हलक्या हातानं तो खेळा. बोट कीवरून उचलूच नका, टेकलेलंच राहू द्या. अचूकता 96-97 टक्क्यांवर टिकली की मग थोड्या जास्त वेगाचा मॅप घ्या. मधेच हात कडक झाला तर मॅप सोडून द्या, कॉम्बो (न चुकता सलग दाबलेल्या नोटांची मोजणी) गेला तरी चालेल. ताठलेल्या हातानं पूर्ण केलेला मॅप हाताला ताठणंच शिकवतो, हे माझं ठाम मत आहे. स्क्रीनवर एरर बार (नोट लवकर दाबली की उशिरा ते दाखवणारी पट्टी) चालू ठेवा. खुणा लवकरच्या बाजूला साचत असतील तर तुम्ही घाई करताय.

डाव्या हातासाठी मिरर मॉड आहे, त्यात नोटांचे रकाने डावे-उजवे उलटे होतात. उजव्या हाताचे अवघड भाग डाव्याकडे येतात, आणि पाठ झालेल्या मॅपची सवयही मोडते. लाइट गेली तर मनगट टेबलावर ठेवून चार बोटांनी सावकाश जिना (एकामागून एक ओळीनं बोटं) वाजवत बसा, तेही उपयोगी पडतं.

कीबोर्डही तपासा. तालुक्याला मिळणाऱ्या स्वस्त कीबोर्डात तीन-चार की एकदम दाबल्या की एखादी नोंदलीच जात नाही. नोटपॅड उघडून चारही की एकदम दाबून बघा. एखादं अक्षर सारखं गळत असेल तर सेटिंगमध्ये दुसऱ्या की निवडा, बोटांना दोष देऊ नका. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा म्हणजे मनगट वर वाकणार नाही. ब्लूटूथ इयरफोनचा आवाज उशिरा येतो, वायरचाच वापरा.

आता आपल्याकडची गोष्ट. दिवसभर कापूस वेचला किंवा पाठीवर फवारणीचा पंप घेतला, तर त्या संध्याकाळी जॅक (एकाच कीवर लागोपाठ नोटा) आणि कॉर्ड (एकदम दाबायच्या अनेक नोटा) खेळू नका. बोटं आधीच थकलेली असतात. सोपे मॅप खेळा नाहीतर सुट्टी घ्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की घामानं बोट घसरतं. रुमाल जवळ ठेवा, सराव पहाटे करा.

थकवा आणि दुखणं वेगळं आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. तेव्हा खेळ पूर्ण बंद करा आणि ग्रामीण रुग्णालयात दाखवा.