रात्री अकराचं खाणं आणि सकाळचा उपास

"दिवसभर नीट जेवत नाही आणि सगळे झोपले की फरसाणाचा डबा रिकामा करते. डॉक्टरांकडे चल म्हटलं की चिडते. हिला इच्छाशक्तीच नाही का?" पालक हा प्रश्न वारंवार विचारतात. पुढची हकीकत कुणा एकीची नाही, अशा अनेक मुलींवरून जुळवलेली आहे.

वय 22, वजन उंचीच्या मानाने योग्य. सकाळी बिनसाखरेची कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटो. गुरुवार, शनिवार, संकष्टी असे उपास वाढत गेलेले, कारण उपास म्हटलं की घरात कुणी खोदून विचारत नाही. रात्री अकरानंतर मात्र अर्धा पुडा ब्रेड, फरसाण, जॅम. ओट्यापाशी उभ्या उभ्या, दिवा न लावता. रिकामी पाकिटं सॅकच्या तळाशी. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून पुन्हा उपास. उलटी होत नसली तरी आठवड्यातून एकदा, तीन महिने हे चक्र चाललं आणि वजनाची चिंता मनातून हटत नसेल, तर ते बुलिमियाच्या, म्हणजे अनावर खाणं आणि मग त्याची भरपाई करणं या खाण्याच्या आजाराच्या, निकषांत बसू शकतं.

इच्छाशक्ती तर ती दिवसभर पणाला लावत असते. उपाशी शरीर रात्री वसुली करतं. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या डोक्यात जेवणाशिवाय काही उरेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, आणि पुढे पोटभर मिळू लागल्यावर काहींना हातच आवरेना.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत तिला सल्ला दिला नाही. विचारलं, "हे बदलणं शून्य ते दहात किती महत्त्वाचं वाटतं?"

"चार."

"दोन का नाही?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मैत्रिणीच्या हळदीला गेले नाही. तिथे जेवावं लागलं असतं."

उपचाराचं कारण तिच्याच तोंडून आलं. 'दहा का नाही?' विचारलं असतं, तर न बदलण्याची कारणं ऐकायला मिळाली असती.

पुढचं काम ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या पद्धतीने, साधारण 20 आठवड्यांचं. तीन जेवणं, दोन वेळचं मधलं खाणं, मध्ये चार तासांहून जास्त खंड नाही. वहीत वेळ, पदार्थ, जागा आणि त्या क्षणी मनात काय होतं ते, कॅलरी नाहीत. वजन आठवड्यातून एकदाच.

गाडी दोन ठिकाणी अडली. वही ती झोपताना भरायची, तोवर चार वाजताची चिडचिड विसरलेली असायची. म्हणून खाताखाताच लिहायचं ठरलं. दुसरं, रात्री जास्त खाल्लं की सकाळचे पोहे टाळायची. नेमकी तीच सकाळ चुकवायची नसते, नाहीतर रात्रीची तयारी तिथूनच सुरू होते.

आईला सांगितलं: कपाटाला कुलूप नको, ताटाकडे बघून "आज जेवलीस हं" हेही नको. पाच वाजता दोघींनी मिळून काहीतरी खायचं, विषय दुसरा.

उलट्या, जुलाबाच्या गोळ्या, चक्कर, छातीत धडधड किंवा पाळी थांबणं यांपैकी काही असेल तर आधी फिजिशियनकडे जा. उलट्यांनी पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी लांबवू नका. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल झिजतं. फक्त पाण्याने चूळ भरावी.