विंडोज न काढता त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर डेटा जातो का?

तुमचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा. विंडोज ११ त्यावर रीतसर चढत नाही, हिशेबाच्या टॅलीसाठी विंडोज १० काढता येत नाही, म्हणून त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम, टाकू का आणि कोणतं टाकू, असं तुम्ही विचारलंय. इथवर ठीक आहे. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, "आमचा दुकानवाला म्हणतो, दोन सिस्टिम टाकल्या की डेटा जातोच." त्या एका 'जातोच'साठी मी लिहायला बसलोय.

जात नाही. मी नागपुरात मानेवाड्याला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकून दिलेली शंभराच्या वर मशीन माझ्या हातून गेली असतील, त्यातल्या एकाही गिऱ्हाइकाचा डेटा गेला नाही. ज्या एका मशीनचा गेला असं आमच्या घरात प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितलं जातं, त्याची हकिगत सांगतो.

२००८ चा मे महिना. महालात बडकस चौकाच्या आतल्या गल्लीत माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावून द्यायचं दुकान. एकच मशीन: पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची डिस्क, त्यात सी वीसची आणि डी साठची. विंडोज एक्सपी, पानं लावायला पेजमेकर, मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी. लग्नसराई ऐन भरात. सगळ्या पत्रिका डी वर.

तेव्हा प्रत्येक पार्टी पेन ड्राइव्ह घेऊन यायची आणि प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' हा व्हायरस बसलेला असायचा. ड्राइव्ह लावून उघडला की एक्सपी तो चालवायची. पंधरा दिवसांतून एकदा मशीन फॉर्मॅट करायला लागायचं, आणि ते काम माझ्याकडे, कारण मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. उबुंटू ही लिनक्सचीच एक जात; उबुंटूवाले त्या काळी फुकट सीडी घरपोच पाठवायचे. पत्ता भरला की काही आठवड्यांनी पोस्टानं पुठ्ठ्याचं पाकीट यायचं. माझ्याकडे ७.१० ची आली होती. विंडोजचा व्हायरस लिनक्सवर चालत नाही, तेव्हा पेन ड्राइव्ह आधी लिनक्समध्ये उघडायचा, कचरा पुसायचा, कामाची फाइल डी वर टाकायची आणि मग एक्सपीत जाऊन पेजमेकर उघडायचं, असा माझा विचार. आजही तो मला चूक वाटत नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." पण व्हायरसला तोही कंटाळला होता. "कर. सकाळी मशीन चालू पाहिजे."

आता हे नीट वाचा. त्याच्या आधी पंधरा दिवसांत मी त्याला तीनदा म्हटलं होतं, "दादा, यूपीएस शिट्टी मारून राहिला, बॅटरी मेली त्याची, बदलून घे." तिन्ही वेळा एकच उत्तर: "सीझन होऊ दे."

रात्री दहाला शटर अर्धं ओढून काम सुरू केलं. डी लहान करून तिच्यामागे पंधरा जीबी मोकळी करायची होती. स्क्रीनवरची पट्टी निम्म्याच्या आसपास आली असेल, आणि लाइट गेली. यूपीएसनं एकदा टिक केलं आणि तोही गेला. कूलर बंद पडला. मला अजून आठवतं, पंप थांबल्यावर वाळ्याच्या ताटीतून पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज दुकानात होता. दादा काही बोलला नाही. मीही नाही.

वीसेक मिनिटांनी लाइट आली. एक्सपी नेहमीसारखी सुरू झाली, पण डी वर डबल क्लिक केलं तर खिडकी आली: डी ड्राइव्हमधली डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, आता फॉर्मॅट करायची का? खाली यस आणि नो. माउस दादाच्या हातात होता आणि त्याचा बाण यसवर गेलेला. मी त्याचं मनगट धरलं. "दादा, नो दाब. फक्त नो दाब."

"काय केलं बे तू? सकाळी पार्ट्या येऊन राहिल्या."

वरच्या मजल्यावरून वहिनी खाली आली. तिनं दोघांना आधी पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊजी, परत येते का ते?" मी म्हटलं, येते. खात्री तेव्हा शून्य होती.

दुसऱ्या दिवशी दादानं प्रत्येक पार्टीला संध्याकाळची वेळ दिली. बर्डीवरची दुकानं उघडल्याबरोबर मी चाळीस जीबीची डिस्क घेऊन आलो, जंपर स्लेव्हवर केला, म्हणजे ती दुसरी डिस्क ठरली, आणि त्याच केबलवर जोडली. एका मित्रानं धरमपेठेतल्या सायबर कॅफेतून सिस्टिम रेस्क्यू सीडी उतरवून आणली. तीही लिनक्सच, आणि तिच्यात हरवलेला डेटा शोधणारा टेस्टडिस्क नावाचा प्रोग्रॅम असतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस नाही. ॲनालाइज, क्विक सर्च, डी ची ओळ दिसली. तिच्यावर येऊन पी दाबला आणि फोल्डरांची नावं एकाखाली एक उतरायला लागली. दादा माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होता. "ही हिंगण्याची पार्टी. ही उमरेडची. हे, हे आजचंच आहे."

एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइली ठेवायची पद्धत, आपल्या पहिल्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या, म्हणजे डी सारख्या डिस्कच्या भागाच्या, अगदी शेवटी ठेवते, त्यामुळे असं झालेलं बहुतेक वेळा दुरुस्त करता येतं. पण मी दुरुस्तीला हात लावला नाही. आधी सगळा माल चाळीस जीबीवर उतरवून घेतला. एकशे बारा पत्रिका होत्या. एकशे नऊ उघडल्या.

ज्या तीन उघडल्या नाहीत त्यांचे कागदावरचे प्रूफ पडलेले होते. त्या मी आणि दादानं रात्रभर बसून नव्यानं लावल्या: 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून खालच्या लहान मुलांच्या ओळीपर्यंत. तो वाचायचा, मी टाइप करायचो. सकाळी सहाला वहिनीनं तर्री पोहे आणले तेव्हा तिसरी प्रिंटरवर होती. एकाही पार्टीची तारीख चुकली नाही.

त्या एकशे नऊ दादाला आठवत नाहीत, त्या तीनच आठवतात. "यानं लिनक्स टाकलं आणि माझं मशीन उडवलं," हे वाक्य मी तेव्हापासून ऐकतोय. गेलं कशानं? पार्टिशन लहान करताना तिच्या शेवटच्या भागातल्या फाइली आधी उचलून पुढच्या मोकळ्या जागेत आणतात, मग नोंदी बदलतात. हे अर्ध्यावर असताना वीज गेली तर विंडोजचं सॉफ्टवेअर असो, उबुंटूचं असो, हेच होऊ शकतं. गेलं ते मेलेल्या बॅटरीनं. परत आलं ते लिनक्सनं.

आता तुमचं. म्यान आणि तलवारीचं म्हणाल तर डिस्कवर दोन सिस्टिम असल्या तरी चालते एका वेळी एकच, दुसरी नुसत्या फाइली म्हणून पडून असते. घोळ होतो तो विंडोज पूर्ण बंद न झाल्यानं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' दाबल्यावरही विंडोज आपला गाभा डिस्कवर झोपवून ठेवते, आणि तिच्या लेखी ते पार्टिशन अजून उघडंच असतं. लिनक्स ते ओळखतं आणि सहसा तिथे लिहायला नकार देतं. लोक म्हणतात लिनक्समध्ये डी उघडत नाही, बिघडलं. बिघडलं नाही, पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. हे मी सगळ्यात आधी करतो.

जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, आणि त्याच्याआधी टॅलीचं फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर. आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून फोल्डर उघडून पाहिलेलं असलं पाहिजे, नुसतं 'कॉपी झालं' पुरत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून निर्धास्त राहू नका. तुमची बॅटरी आठ-नऊ वर्षांची असेल तर ती आमच्या यूपीएससारखीच आहे. चार्जर काढा, अर्धा तास चालते का बघा, मगच हात लावा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, तपासा. बऱ्याच लॅपटॉपवर तो मालकाला न कळता चालू झालेला असतो. चालू असला तर ४८ अंकांची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती मागितली गेली आणि तुमच्याकडे नसली तर मी काय, कोणीच काही करू शकत नाही. डेटा जाण्याची मला खरी भीती वाटते ती इथे.

लिनक्स टाकल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडू शकतं म्हणून सांगून ठेवतो. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतातली समजते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेट-सीटीएल'ची एक कमांड देऊन त्याला स्थानिक वेळेवर आणता येतं.

कोणतं टाकू? लिनक्स मिंट. यावर मी वाद घालत नाही. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच, पाच मिनिटांत लागतो. विंडोजच्या आतच आभासी मशीनमध्ये लिनक्स चालवा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. चार जीबी रॅम असेल तर तो ऐकू नका, दोन्ही रांगतील. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे दुरुस्त्या आणि अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटरनेटचं सगळं त्यातून काढून लिनक्सवर न्यायचं हा तर मुद्दा आहे. विंडोजमध्ये टॅली, बाकी ब्राउझर, बँक, मेल लिनक्समध्ये. दादाच्या पेन ड्राइव्हसाठी मी जे करत होतो तेच.

एक गोष्ट मला आधी सांगायला हवी होती. मी स्वतः आता शक्यतो एका डिस्कवर दोन सिस्टिम टाकत नाही. तुमच्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपना डीव्हीडी ड्राइव्ह असतो. तो काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, एसएसडी बसते. विंडोजची डिस्क काढून बाजूला ठेवायची, एसएसडीवर लिनक्स टाकायचं, मग विंडोजची परत बसवायची. विंडोजच्या डिस्कवर एक अक्षर लिहिलं जात नाही. सुरू करताना बूट मेनूतून निवडायचं. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर दोन सिस्टिमवाल्या कितीतरी मशीनवर लिनक्स सुरू होणं थांबलं होतं, सुरू होताना तपासणी करणारं सिक्युअर बूट लिनक्सचा जुना बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, नाकारत होतं. तसं वेगळ्या डिस्कवरही होऊ शकतं. पण त्यात फाइलींना धक्का लागत नाही, फक्त दार अडकतं आणि ते उघडता येतं. मार्च अखेरीला मात्र यातलं काहीच करू नका. सीझनमध्ये चालत्या मशीनला हात लावायला नको होता, हे दादाचं नंतरचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी ते त्याला सांगितलंही आहे.

'जातोच' म्हणणाऱ्या दुकानवाल्याला एवढंच विचारा, की गेलेला डेटा परत आणायला तो काय वापरतो. टेस्टडिस्क किंवा लिनक्सची पेन ड्राइव्ह त्याच्याही खणात असणार.

ती चाळीस जीबीची डिस्क अजून माझ्याकडे आहे. परवाच यूएसबीचा जोड लावून चालवून पाहिली, एकशे नऊच्या एकशे नऊ आहेत. दादानं कधी मागितली नाही. मागितली तर त्याच दिवशी महालात नेऊन देईन.