पाटल्या मोडण्याआधी पॉलिसी उघडा

प्रश्न: मी ४१ वर्षांची, धायरीला राहते. खासगी नोकरी, हातात ६२ हजार येतात. वजन ९४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या वाढवूनही साखर आटोक्यात नाही. डॉक्टरांनी बॅरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवण्यासाठी पोटाची) शस्त्रक्रिया सुचवली आहे. पॅकेज सव्वाचार लाखांचं. या महिन्यात नाव नोंदवलं तर २५ हजार सूट. आईच्या पाटल्या मोडू की चार लाखांचं कर्ज काढू? एफडीत साडेतीन लाख आहेत, पण ते लेकीच्या शिक्षणाचे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ही शस्त्रक्रिया बसत नाही. माझी स्वतःची पाच लाखांची पॉलिसी आहे, मधुमेह तेव्हाच कळवला होता. येत्या मार्चमध्ये तिला तीन वर्षं होतील.

उत्तर: ताई, पाटल्या राहू द्या, आणि कर्जही नको. शस्त्रक्रिया करावी की नाही हे डॉक्टरांनी सांगायचं. मी फक्त पैशांचं बोलते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. आधीपासून असलेल्या आजाराचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो, म्हणजे तुमचा मार्चमध्ये संपतो. विमा नियामकाच्या नियमानुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, किंवा ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) असेल, तर स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचा खर्च नुसता ‘स्थूलतेचा उपचार’ म्हणून वगळता येत नाही. तुमचा बीएमआय ३७.७ आहे. तुम्ही या चौकटीत बसता.

पण आधी साधे उपाय करून पाहिले आणि ते पुरले नाहीत, हे कागदावर दिसावं लागतं. म्हणून आजपासून एक फाइल करा. एचबीए१सी चे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) जुने रिपोर्ट, फिजिशियनच्या चिठ्ठ्या, आहारतज्ज्ञांचे तक्ते, वजनाच्या तारखेसह नोंदी. जिमची पावतीसुद्धा फेकू नका. मग विमा कंपनीला ईमेल करून विचारा: स्थूलतेसाठी वेगळा प्रतीक्षा काळ आहे का, खोलीभाड्याला मर्यादा आहे का. उत्तर लेखीच घ्या. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार, तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी. त्यांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे आणि तिथे फी लागत नाही.

तीन लाखांहून अधिक वाचत असतील तर २५ हजारांच्या सवलतीसाठी घाई कशाला? मात्र मार्चपर्यंत थांबलं तर चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते नाही म्हणाले तर एफडी मोडा. चार लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १३,६७० रुपये आणि व्याजच ९२ हजार जातं. शिवाय हा हप्ता नेमक्या त्या महिन्यांत सुरू होतो, जेव्हा दुसरे खर्च दाराशी उभे असतात.

ते खर्च मी जवळून पाहिलेत. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी ऑपरेशननंतरच्या वर्षाची बिलं शंभर पानी वहीत डकवून आणली होती. प्रोटीन पावडरचे डबे, बी-१२, लोह, कॅल्शियम, दर थोड्या महिन्यांनी रक्ततपासणी, आहारतज्ज्ञांची फी. मध्येमध्ये शिंप्याच्या चिठ्ठ्या: ब्लाउज आत घेतले, पुन्हा आत घेतले. बेरीज नव्वद हजारांच्या घरात गेली होती. पॅकेजच्या कागदावर यातलं काही नव्हतं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या तर जन्मभराच्या. त्यामुळे विम्याने सगळं दिलं तरी एक लाख वेगळ्या खात्यात टाकल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. मार्चपर्यंत दर महिन्याला जमेल तेवढे बाजूला काढा, कमी पडतील ते एफडीतून.

आणखी एक खटकलं. तुमच्या पत्रात हॉस्पिटल आहे, बँक आहे, सोनार आहे; घरचं माणूस नाही. पहिले दोन आठवडे पातळ आहार, मग गुरगुटं, वाटलेलं. दोन-तीन आठवडे रजा. ती पगारी मिळेल का, हे एचआरला आत्ताच विचारा. तुमच्यासाठी वेगळं शिजवायचं कोणी, दर तपासणीला सोबत यायचं कोणी? घरात रोज वडे-भजी तळली जात असतील तर एकटीच्या निर्धारावर वजन पुन्हा चढतं, आणि मग सगळाच पैसा पाण्यात. पुढच्या वेळी आहारतज्ज्ञांकडे जाताना मिस्टरांना सोबत न्या. घरात स्वयंपाक आणखी कोणी करत असेल तर त्यांनाही.