ध्रुवण की ध्रुवीकरण?

परळच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, ऋण अपवर्तनांकाच्या मेटामटेरियलचा (म्हणजे बारीक रचनेतून घडवलेल्या, प्रकाशाला नेहमीच्या उलट बाजूला वाकवणाऱ्या कृत्रिम द्रव्याचा) विद्युतचुंबकीय तरंगांच्या पोलरायझेशनवर काय परिणाम होतो यावर मराठीत टिपण लिहिताना ‘ध्रुवीकरण’ म्हणावे की ‘ध्रुवण’, आणि अशा द्रव्याला ‘डावखुरे’ म्हटलेले चालेल का.

माझे मत ‘ध्रुवण’ या शब्दाला आहे. (‘ध्रुवीकरण’ म्हटले की आपल्याकडे निवडणूकच आठवते, ते सोडा.) इंग्रजीत हा एकच शब्द दोन कामांना जुंपलेला आहे: विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातील धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून किंचित सरकतात त्यालाही, आणि तरंगातील विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेने कंप पावते त्यालाही. पहिल्या ठिकाणी पदार्थावर काही घडवले जाते, म्हणून ‘-करण’ शोभते. दुसरे तरंगाचे लक्षण आहे. मेटामटेरियलच्या टिपणात हे दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येऊ शकतात. दुपारी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पोलरॉइड गॉगल लावून बसले की पाण्यावरची तिरीप मंदावते आणि मान खांद्याकडे कलती केली की ती पुन्हा डोळ्यांत शिरते, कारण पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे ध्रुवण बव्हंशी आडवे असते. या वाक्यात ‘ध्रुवीकरण आडवे असते’ असे घालून पाहा. ते लगेच लंगडते.

‘डावखुरे’ चालेल, पण जपून. भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी १९६७ मध्ये दाखवले की, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांना द्रव्य देत असलेला प्रतिसाद मोजणाऱ्या दोन्ही राशी ऋण असतील, तर विद्युतक्षेत्र, चुंबकीय क्षेत्र आणि तरंगसदिश (तरंगाचे माथे कोणत्या दिशेने सरकतात ते दाखवणारा बाण) ही त्रयी डाव्या हाताच्या नियमाने बसते आणि तरंगसदिश ऊर्जेच्या प्रवाहाच्या उलट दिशेला वळतो. हा डावेपणा त्या त्रयीचा आहे. वर्तुळाकार ध्रुवणाच्या, म्हणजे विद्युतक्षेत्राची दिशा गोल फिरत राहते अशा ध्रुवणाच्या, डाव्या-उजव्याशी त्याची गल्लत करू नये. त्यासाठी शंखांमुळे परिचित असलेले ‘वामावर्ती’ आणि ‘दक्षिणावर्ती’ हे शब्द घ्यावेत, मात्र कोणत्या दिशेच्या संदर्भात ते सांगावे: वर्तुळाकार ध्रुवित तरंग हवेतून अशा द्रव्यात सरळ शिरला, तर ऊर्जेच्या दिशेने पाहता त्याचे आवर्तन तेच राहते, तरंगसदिशाच्या दिशेने पाहता उलटते.

टिपणाच्या शीर्षकातला ‘परिणाम’ हा शब्दही मला खटकतो. सर्व दिशांना सारखे गुणधर्म असलेल्या द्रव्यात अपवर्तनांक केवळ ऋण असल्याने ध्रुवणप्रतल (विद्युतक्षेत्र ज्या प्रतलात कंप पावते ते) फिरत नाही. ते फिरवायला रचनेत पीळ लागतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये तागाच्या पिळलेल्या जुड्यांमधून सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) सोडून हे दाखवले, आणि उलटा पीळ दिल्यावर प्रतल उलट दिशेला फिरले. २००४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांनी त्याच धाग्याचे दुसरे टोक पकडले: पीळ पुरेसा प्रभावी असेल, तर एका वर्तुळाकार ध्रुवणापुरता अपवर्तनांक ऋण होतो आणि दुसऱ्यासाठी धन राहतो. म्हणजे इथे ऋणपणाच पिळातून येतो.

अशा रचनेला इंग्रजीत ‘कायरल’ म्हणतात, आणि तो शब्दही ग्रीकमधल्या ‘हात’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला, त्यामुळे ‘डावखुरे’शी घोळ ठरलेलाच. मला ‘पीळदार’ सुचला होता, पण तो मिशांनी आणि दंडांनी आधीच बळकावला आहे. तेव्हा बाईंनी ‘कायरल’च ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी तागाची जुडी आठवून द्यावी.