हनुवटीवरचा केस उपटण्याआधी

नको असलेल्या केसांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या बहुतेक पत्रांत एकच मागणी आहे: ‘डॉक्टर, कायमचा उपाय सांगा.’ पण केस नेमके कुठे आहेत आणि कधीपासून आहेत, हे फार थोड्या जणींनी लिहिलंय. उपाय सुचवायचा तर मला आधी हेच कळायला हवं. ज्या पत्रांत ही माहिती होती, त्यातली काही या वेळी घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. तीनेक वर्षांपासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला काळे, राठ केस येतायत. रोज सकाळी आरशासमोर बसून चिमट्याने उपटते. आता तिथे काळपट डाग पडलेत. रेझर लावला तर दाढीच येईल, असं मैत्रीण म्हणते. लेझर करून टाकू का? आणखी एक, माझी पाळी दोन-दोन महिने लांबते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी लिहिलंस. संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून लेझरचं नंतर पाहू, आधी तपासणी.

आपल्या अंगावर जवळजवळ सगळीकडे बारीक लव असते. हातापायांवरचे केस बहुतांशी आनुवंशिक असतात. ओठांवर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली, पाठीवर मात्र लवेचा राठ केस होतो तो अँड्रोजेन या गटातल्या, ‘पुरुषी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्मोन्समुळे. ही हार्मोन्स प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतातच. कुणाच्या शरीरात ती जास्त तयार होतात, तर कुणाच्या केसांची मुळंच त्यांना जास्त दाद देतात. फेरिमन आणि गॅल्वे या दोघांनी १९६१ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून तयार झालेला, केसांची वाढ मोजायचा तक्ता आम्ही आजही वापरतो. त्यात शरीरावरच्या नऊ जागा पाहतात आणि प्रत्येकीला शून्य ते चार गुण देतात. तुला तपासताना डॉक्टरांनी पोट, पाठ पाहायला मागितली तर संकोचू नकोस. आणि जाण्याआधी दोन-चार दिवस काही उपटू नकोस, नाहीतर त्यांना दिसणार काय?

केस वाढलेत आणि पाळी अनियमित आहे, अशा वेळी सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पीसीओएस, म्हणजे बीजकोषाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड. त्यासाठी टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, रक्तातली साखर आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी अशा तपासण्या होतात. कारण सापडलं की त्वचातज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून उपचार ठरवतात. त्यात गर्भनिरोधक गोळ्या असू शकतात, स्पायरोनोलॅक्टोनसारखं अँड्रोजेनला अडवणारं औषधही असू शकतं. हे दुसरं औषध गरोदरपणात चालत नाही, म्हणून ते घेताना मूल राहणार नाही याची काळजी घ्यावीच लागते. या औषधांचा परिणाम दिसायला सहा महिने सहज लागतात. दोन महिन्यांत काहीच फरक नाही म्हणून गोळ्या सोडून देणाऱ्या मुली मी नेहमी पाहते आणि मला फार वाईट वाटतं, कारण गुण यायच्या आतच त्या थांबलेल्या असतात. शिवाय गोळ्यांनी नवे केस राठ होणं कमी होतं, जे आधीच राठ झालेत ते गळून पडत नाहीत. ते काढावेच लागतात. म्हणून दोन्ही बरोबर चालू ठेवायचं.

आता तो चिमटा. तो आजच बंद कर. केस ओढला की मुळाशी सूज येते. सूज ओसरते, पण तिथे रंगद्रव्य साठून राहतं. तेच तुझे डाग. काही केस अर्धवट तुटतात आणि त्वचेखाली गोल वळून तिथेच वाढतात. डर्मोस्कोपने हनुवटी मोठी करून पाहिली की ते अगदी स्पष्ट दिसतात: पातळ त्वचेखाली गुंडाळलेला काळा धागा आणि भोवती लाल कडं. तो काढायला मुली सुईने टोचतात आणि डाग आणखी खोल जातो.

चिमट्याऐवजी काय? छोटी कात्री, चेहऱ्याचा ट्रिमर किंवा स्वच्छ रेझर. हो, रेझर. त्याने दाढी येत नाही. केसाचा त्वचेबाहेरचा भाग निर्जीव असतो. तो कापला काय नि ठेवला काय, आतल्या मुळाला पत्ता लागत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच हे मोजून पाहिलं होतं आणि कापल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असंच आढळलं. मग हाताला खरखर का लागते? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं सपाट. दवाखान्यात मी दोन्ही टोकं शेजारीशेजारी पडद्यावर दाखवते, तेव्हा मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला दिसतो. वर्षानुवर्षं त्या एका भीतीपोटी सोपा उपाय टाळत असतात. तुझ्या मैत्रिणीलाही हे सांग.

प्रश्न : माझा वर्ण सावळा आहे. एका ठिकाणी ‘सहा सिटिंगमध्ये केस कायमचे गायब’ असं सांगून पॅकेजचे पैसे आधीच भरायला सांगतायत. त्वचा भाजेल का? लेझरने कॅन्सर होतो, हे खरं का?

कॅन्सरचं आधी सांगते, कारण ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत ब्यूटी पार्लरमध्ये चेहऱ्यावरचे केस क्ष-किरणांनी घालवले जात. ‘वेदना नाही, केस कायमचे जातात’ असं तेव्हाही सांगितलं जायचं. केस गेले, पण पुढे कित्येक वर्षांनी त्यातल्या अनेकींना त्वचेचे व्रण आणि कर्करोग झाले. लेझर म्हणजे क्ष-किरण नव्हेत. लेझर हा प्रकाश आहे, तो पेशींमधल्या डीएनएची मोडतोड करणारा किरणोत्सार नाही. त्यामुळे त्या कारणासाठी घाबरू नका. मात्र ‘कायमचे गायब’ असं म्हणणाऱ्याला प्रश्न विचारायची सवय असू द्या.

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो. त्याची उष्णता होते आणि ती मुळापर्यंत पोचून मूळ निकामी करते. हेच रंगद्रव्य त्वचेतही असतं. म्हणून सावळ्या त्वचेला चुकीचं यंत्र किंवा चुकीची मात्रा लागली तर त्वचाच भाजते, फोड येतात आणि मागे काळे किंवा पांढरे डाग उरतात. यंत्रांमधला फरक प्रकाशाच्या तरंगलांबीचा असतो. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८०० ते ८१० आणि एनडी-याग १०६४. तरंगलांबी जास्त तेवढा प्रकाश त्वचेच्या वरच्या थरात कमी शोषला जातो आणि खोल उतरतो. म्हणून गडद त्वचेसाठी एनडी-याग सगळ्यात सुरक्षित मानतात. नीट थंड करणारी सोय आणि अनुभवी हात असेल तर डायोडही चालतो. आयपीएल, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या तीव्र प्रकाशाचे झोत, हे लेझर नव्हे. घरी वापरायची बरीच यंत्रं आयपीएलचीच असतात आणि गडद त्वचेवर ती वापरू नका, असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. ते पत्रक वाचा.

पैसे भरायच्या आधी विचारा: यंत्र कुठलं? सिटिंग कोण करणार, डॉक्टर की दुसरं कुणी? छोट्या जागेवर चाचणी करून काही दिवस वाट पाहणार का? भाजलं तर कुणाकडे यायचं? डोळ्यांवर संरक्षक चष्मा देणार का? एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून या. बधिर करणारं क्रीम अंगभर फासून वर प्लॅस्टिक गुंडाळायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते औषध त्वचेतून रक्तात जातं. लेझरच्या आधी असं केल्यामुळे तरुण मुलींचे मृत्यू झालेत आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल जाहीर इशाराही दिला होता.

सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात आणि लेझरचा मार बसतो तो वाढत्या केसालाच. म्हणून सहा-आठ सिटिंग लागतात, चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, इतरत्र थोड्या जास्त अंतराने. त्याआधीचा महिनाभर वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद, कारण मुळात केसच नसेल तर प्रकाश शोषणार कोण? आदल्या दिवशी रेझर फिरवलेला चालतो. सिटिंगनंतर केसांच्या मुळाशी बारीक लाल उंचवटे येतात आणि काही तासांत बसतात. नंतरचे दोन-तीन आठवडे जळालेले केस वर येत गळत राहतात. ‘केस परत आले’ म्हणून पुष्कळ जणी घाबरतात, पण ते आलेले नसतात, चाललेले असतात. अंघोळीनंतर ओल्या कापडाने हलकेच पुसले तर कापडावर उतरतात. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा.

शेवटी मिळतं काय? केस बरेच कमी होतात, उरलेले बारीक होतात आणि मधूनमधून एखादं सिटिंग लागतं. पीसीओएस असेल तर ते जास्त वेळा लागतं. काही जणींना जबड्यावर आणि मानेवर लेझरनंतर उलट नवे राठ केस येतात. हे क्वचित होतं, पण होतं, आणि चेहऱ्यावरच्या नुसत्या लवेवर लेझर मारलं तर त्याचा धोका जास्त. लवेसाठी लेझर नकोच.

प्रश्न : वय ५८. पाळी जाऊन सात वर्षं झाली. हनुवटीवर चार-पाच पांढरे, ताठ केस येतात. लेझर केलं, पण काहीच झालं नाही.

होणारच नव्हतं. पांढऱ्या केसात रंगद्रव्य नाही, मग लेझरने शोधायचं काय? हे तुम्हाला पैसे घेण्याआधीच सांगायला हवं होतं. तुमच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस. केसाच्या छिद्रात बारीक सुई घालून विजेने एकेक मूळ जाळायचं. ही पद्धत जुनी आहे. डोळ्यांच्या आत वळलेल्या पापण्यांसाठी चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १८७५ मध्ये ती वापरली होती. वेळखाऊ आहे, थोडी दुखते, पण केसाचा रंग कुठलाही असो, मूळ जातं. चार-पाच केसांना तर ती उत्तमच. करायचं नसेल तर कात्रीने कापत राहा, त्यात काहीच गैर नाही.

पाळी गेल्यावर असे थोडे केस येणं नेहमीचं आहे. पण काही महिन्यांत भराभर केस वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकले, तर वय कुठलंही असो, लगेच डॉक्टरांकडे जा. बीजकोषाची किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ नाही ना, हे पाहावं लागतं.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची. हातापायांवर केस आहेत, वर्गातली मुलं चिडवतात. ती वॅक्सिंग करून द्या म्हणते. एवढ्या लवकर सुरू करू का?

तिला स्वतःला काढावेसे वाटतायत की चिडवणं थांबावं असं वाटतंय, हे तिच्याशी निवांत बोलून समजून घ्या. चिडवण्याबद्दल वर्गशिक्षिकांशी तुम्ही बोला, ते तिच्या एकटीवर सोडू नका. केस म्हणजे घाण नव्हे, हे तिला घरातून ऐकू येऊ दे. आणि एवढं होऊनही तिला केस नकोच असतील तर ‘अजून लहान आहेस’ म्हणून उडवून लावू नका. या वयात ट्रिमर पुरतो. तो दुखत नाही, भाजत नाही, कापत नाही. वॅक्सिंगची घाई नको.

हातापायांवरचे केस घराण्यातून आलेले असतात, त्याची काळजी करू नका. आठ वर्षांच्या आत काखेत किंवा जांघेत केस आले असते, तर मात्र मी तपासणी सांगितली असती.

प्रश्न : मी पुरुष आहे, वय २७. दाढी केली की मानेवर पुळ्या येतात आणि त्यात केस अडकलेला दिसतो. नोकरीत दाढी ठेवता येत नाही.

तुमचे केस कुरळे असणार. फार खोल कापलेला कुरळा केस वाढताना परत त्वचेत घुसतो. त्वचा ताणून, उलट्या दिशेने, तीन-चार पात्यांच्या रेझरने दाढी करणं थांबवा. एका पात्याचा रेझर घ्या, केस गरम पाण्याने मऊ करा आणि केसांच्या दिशेनेच पातं फिरवा. ट्रिमरने अर्धा-एक मिलिमीटर खुंट ठेवणं सगळ्यात बरं. नोकरीत तेवढं चालतं का, विचारून पाहा. पुळ्या दाबू नका. सहा-आठ आठवड्यांत उतार पडला नाही तर लेझरचा विचार करा. हा त्रास लेझरने चांगलाच आटोक्यात येतो.

प्रश्न : मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. वॅक्सिंग चालेल का? की केस काढायचं क्रीम लावू?

वॅक्सिंग नाही. या गोळ्यांनी त्वचा नाजूक होते आणि वॅक्सबरोबर तिचा वरचा थर सोलून निघतो. गोळ्या बंद केल्यावरही निदान सहा महिने थांब. चेहऱ्याला रेटिनॉइडचं, म्हणजे याच गटातल्या औषधाचं, क्रीम लावणाऱ्यांनीही तिथे वॅक्सिंग करू नये.

केस काढायच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाचे बंध तोडतं. त्वचेतही केराटिन आहे आणि ही क्रीम्स चांगलीच अल्कधर्मी असतात. तुझ्या कोरड्या पडलेल्या त्वचेवर तेही नको. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत ट्रिमर वापर आणि तो फिरवून झाला की भरपूर मॉइश्चरायझर लाव. पुढे कधी क्रीम वापरलंस तर आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघ, लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नकोस, आणि जांघेत लावायचं तर ते त्या जागेसाठीच आहे ना, हे डबीवर वाचून घे.