डिपॉझिटमधून काय कापता येतं, काय नाही: वाकडच्या फ्लॅटचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात वाकडला टू बीएचके, अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार, म्हणजे ३३ महिने राहणं, डिपॉझिट ७५,०००. फ्लॅट सोडताना मालकांनी व्हॉट्सॲपवर यादी पाठवली: पूर्ण रंगकाम ३२,०००, गीझर नवा ७,५००, ओट्याचा ग्रॅनाइट ६,०००, बाथरूमचं दार ५,५००, डीप क्लीनिंग ४,०००. एकूण ५५,००० कापून हातात २०,०००. मुलीने हॉलच्या भिंतीवर खडूने रंगवलंय आणि ओट्याचा कोपरा कुकर पडून तुटला, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंय. बाकी सगळं वापराने झालेलं आहे, असं तुमचं म्हणणं.

मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीच्या कमिटीत होतो आणि माझाही एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची ही भांडणं जवळून पाहिली आहेत. माझं मत स्पष्ट आहे. डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे आहेत, मालकाकडे ते फक्त ठेवलेले असतात. त्यातला रुपया कापायचा तर कशासाठी कापला हे दाखवायची जबाबदारी मालकाची. आणि जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू भाडेकरूच्या पैशाने घ्यायची नाही. वस्तूचं जेवढं आयुष्य उरलं होतं, तेवढ्याचीच भरपाई.

आधी करार उघडा. आपल्याकडे होतो तो बहुतेक लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायच्या परवानगीचा करार, आणि त्यात ‘नॉर्मल वेअर अँड टेअर (रोजच्या वापराने होणारी झीज) वगळता जागा होती त्या स्थितीत परत द्यावी’ अशा अर्थाचं कलम जवळजवळ नेहमी असतं. हे कलम तुमच्या बाजूचं आहे. दुसरं शोधायचं ते रंगकामाचं कलम. काही करारांत ‘सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामापोटी’ असं सरळ लिहिलेलं असतं. त्यावर सही असेल तर वाद घालायला फारशी जागा राहत नाही. तुमच्या करारात ते नाही असं तुम्ही म्हणताय, तरी तिन्ही करार शब्दन् शब्द वाचून खात्री करा.

आता रंग. घराला रंग साधारण पाच वर्षांनी नव्याने द्यावाच लागतो, मालक स्वतः राहत असते तरी लागला असता. सोफ्यामागचे डाग, स्विचभोवतीचा काळेपणा, कॅलेंडरच्या खिळ्याची भोकं ही झीज झाली, नुकसान नव्हे. टीव्हीच्या ब्रॅकेटची मोठी भोकं पुट्टीने भरून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. खडूची भिंत मात्र तुमची. पेंटर म्हणेल की एका भिंतीला शेड जुळत नाही, आणि ते खरंही असतं, म्हणून हॉलच्या चारही भिंती धरा. ३२ हजारांत हॉलचा वाटा नऊ हजार धरला आणि रंग तुम्ही राहायला येताना नवा होता असं मानलं, तर ६० महिन्यांपैकी ३३ संपले, २७ उरले. नऊ हजारांचे सत्तावीस-साठांश म्हणजे ४,०५०. बेडरूम आणि किचनचा रंग तुमच्या माथी मारता येत नाही.

दाराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. बाथरूमच्या दाराचा खालचा भाग सुजलाय, एवढंच मालक म्हणतात. तिथे खाली बसून नीट बघा. लॅमिनेट खालून वर सुटत गेलंय का, आतल्या प्लायचे पापुद्रे काळे पडून उघडलेत का, खालच्या बिजागरीचे स्क्रू गंजून सैल झालेत का? असं असेल तर ते वर्षानुवर्षं पाणी लागून झालेलं आहे. बिल्डरने दिलेल्या फ्लश डोअरची (सपाट प्लायच्या दाराची) खालची कड बहुतेक वेळा सील केलेलीच नसते आणि पाणी तिथूनच चढतं. आपटून किंवा लाथ बसून मोडलेलं दार वेगळं दिसतं: तडा मधोमध असतो किंवा कडीजवळ लाकूड फाटलेलं असतं. दोन्हीचे जवळून फोटो काढा. एकच गोष्ट तुमच्या विरोधात जाऊ शकते. नळ किंवा फ्लश महिनोन्‌महिने गळत होता आणि तुम्ही कळवलंच नाही, तर थोडा भार तुमच्यावर येतो. कळवलं असेल तर तो मेसेज शोधून ठेवा, त्याची किंमत ५,५०० रुपये आहे.

गीझरच्या अंगावर स्टिकर किंवा पत्रा असतो, त्यावर बनल्याचा महिना आणि वर्ष सापडतं. वाकड-हिंजवडी पट्ट्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी जड, क्षार साचून पाणी तापवणारी कॉइल जाते. कॉइल किंवा थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) गेला असेल तर दुरुस्ती तुम्ही करून द्या, ते रास्त आहे. पण टाकीच गळायला लागली असेल तर ते गीझरचं वय झालं. नवा गीझर मालकांनी घ्यायचा.

ग्रॅनाइटचं तुम्ही देणं लागता. दगड पाच वर्षांत जुना होत नाही, त्यामुळे तिथे वय वजा करायचं कारण नाही. फक्त ओट्याचा अख्खा दगड बदलायचा खर्च मान्य करू नका. मार्बलचं काम करणारा मिस्त्री इपॉक्सी (दगड जोडायचा घट्ट चिकट पदार्थ) भरून, पॉलिश मारून कोपरा नीट करतो. त्याचं कोटेशन तुम्हीच आणा. क्लीनिंगचं म्हणाल तर, घर झाडून-पुसून आणि चिमणीचे फिल्टर धुऊन दिले असतील तर चार हजार कशाचे ते विचारा. फिल्टर तेलकट ठेवले असतील तर चिमणीपुरते पैसे द्या.

म्हणजे माझ्या हिशोबाने रास्त कपात दहा-अकरा हजारांच्या आत बसते. महावितरणचं आणि गॅसचं शेवटचं बिल वेगळं, त्यासाठी मालकांनी थोडी रक्कम मागे ठेवली तर आक्षेप घेऊ नका. ताबा देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो तेवढा काढा.

‘येताना व्हिडिओ काढला नव्हता’ असं तुम्ही लिहिलंय. तरी पुरावा असतो. फ्लॅट भाड्याने द्यायला मालकांनी किंवा ब्रोकरने टाकलेले जुने फोटो शोधा, पहिल्या महिन्यातले घरचे फोटो बघा, मागे भिंती-दारं दिसतातच. आणि मालकांनी दोनदा करार वाढवला तेव्हा जागेबद्दल एक शब्दही तक्रार केली नव्हती, हेही लेखी मांडा.

कायद्याबद्दल. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला. त्यात घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि ताबा घेतानाच रास्त कपात करून परत, असं आहे. भिंती रंगवणं मालकाकडे आणि नळ, स्विच, गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे, अशी वाटणीही त्याच्या परिशिष्टात आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. बोलताना दाखला म्हणून वापरा, हक्क म्हणून नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधली दोन कलमं मात्र थेट तुमच्या कामाची. कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. कलम २४ उलट तुमच्यावर शेकू शकतं: मुदत संपल्यावर जागा अडवून बसलात तर दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. म्हणून ‘पैसे मिळेपर्यंत किल्ली देत नाही’ हा सल्ला कोणी कितीही जोरात दिला तरी ऐकू नका. किल्ली वेळेत द्या, पण समोरासमोर, खोली-खोली दाखवत व्हिडिओ काढून, आणि ताबा मिळाल्याचा मेसेज मालकांकडून घेऊन.

मालकांना आज रात्रीच लिहा. चिडून नको. पाचही बाबींपुढे तुमची रक्कम आणि कारण लिहा, फोटो जोडा, प्रत्येक खर्चाचं बिल मागा आणि उरलेले पैसे पंधरा दिवसांत खात्यावर जमा करायची विनंती करा. पोलीस चौकीत गेलात तर ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील. दाद लागली नाही तर वकिलाची नोटीस द्या. त्याआधी शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करून बघा, दोघं तयार असतील तर तिथे मिटतं. दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाबरून २० हजारांवर ‘पूर्ण व अंतिम’ अशी सही करू नका. ते २० हजार आत्ता देत असतील तर घ्या, पावतीवर मात्र ‘अंशतः मिळाले, उर्वरित रकमेचा हक्क राखून’ एवढं लिहा.