खुर्ची नसताना गाव का ऐकेल?

पत्र : सोलापूर जिल्ह्यातली बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी लिहिते : "एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही एका गावातल्या बंधाऱ्याचा गाळ काढला. तेव्हापासून हेच काम करावंसं वाटतं. एका संस्थेने पाच गावांसाठी पाणी समन्वयक म्हणून विचारलं आहे. बाबा म्हणतात, आधी एमपीएससी दे, खुर्ची मिळव, मग लोक आपोआप ऐकतील. बिनपदाच्या पोरीचं कोण ऐकणार? शिवाय मी सभेत फार बोलणारी नाही. मी या कामाला योग्य आहे का?"

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर आधी देऊ. तुझा विषय पाणी आहे, म्हणून उदाहरणही पाण्याचंच घेऊ. महाराष्ट्रात 2009 चा भूजल अधिनियम आहे. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला तो मनाई करतो. मागे सरकार आहे, अधिकारी आहेत, दंडाची तरतूद आहे. तरी तुझ्याच तालुक्यात बोअर किती फुटांवर गेल्यात ते तुला माहीत आहे. गाडी रात्री येते, सकाळपर्यंत काम उरकून निघून जाते, आणि शेजारचा तक्रार करत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्यालाही बोअर घ्यायची असते.

आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहा. पाऊस बेताचाच. तिथे शेतीसाठी बोअर नाही आणि ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं नाहीत, असं गावाने ठरवलं. दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून त्या वर्षीची पिकं ठरतात. पोपटराव पवार तिथे सरपंच होते, म्हणजे पद होतंच. पण कोणाच्या शेतात काय पिकावं हे सांगायचा अधिकार कोणत्याही सरपंचाला नसतो. नियम टिकला, कारण तो मोडणाऱ्याला पाटबंधारे खात्याला नव्हे, शेजाऱ्याला तोंड द्यावं लागतं.

याचा अर्थ खुर्ची बिनकामाची आहे असा मुळीच नाही. वाळूचा उपसा थांबवायचा असेल, अतिक्रमण काढायचं असेल, दाखला अडला असेल तर अधिकारच लागतो. तिथे नुसत्या गोडीगुलाबीने काही होत नाही. पण लोकांनी रोज, कोणी बघत नसताना एखादी गोष्ट करत राहायची असेल, तर ती हुकुमाने होत नाही. गटविकास अधिकारी शौचालय बांधून देऊ शकतो, ते वापरलं जाईलच असं नाही. तू एमपीएससी देऊन पंचायत समितीत बसलीस तरी हा प्रश्न तुझ्या टेबलावर असणारच आहे. म्हणून हे कौशल्य आधी शिकणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे.

कौशल्य म्हणायचं, कारण ते पायरीपायरीने शिकता येतं. पाच गावं मिळाली की नवा समन्वयक पहिल्याच आठवड्यात पाचही ठिकाणी सभा लावतो. सभेला सरपंच, दोन सदस्य आणि पारावर बसलेले चारजण येतात, माना डोलावतात आणि विसरतात. पहिला महिना सभा घेऊच नकोस. शिवारफेरी कर, आणि प्रत्येक गावात वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या वीस-पंचवीस घरांत तीनच प्रश्न विचार. रात्री कोणी आजारी पडलं तर पहिला फोन कोणाला करता? बांधाचं भांडण कोण मिटवतं? नवं बियाणं आधी कोण लावून बघतं? उत्तरं वहीत लिहीत जा. पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा येतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे कुठलंच पद नसेल : अंगणवाडी सेविका, दूध संकलन केंद्रावर फॅट लावणारा, नळाचं पाणी सोडणारा, भजनी मंडळातला एखादा. गाव ज्यांचं आधीच ऐकतं ती ही माणसं. तुझं काम त्यांच्यामार्फत चालणार आहे. वस्त्या वेगळ्या घ्यायला सांगितलं त्याला कारण आहे. सगळी घरं एकाच आळीतली घेतलीस तर एकाच भावकीची नावं येतील आणि गावाच्या लेखी तू त्या गटाची ठरशील. हा शिक्का एकदा बसला की पुसायला वर्षं जातात. जेवण आणि गाडीवरून सोडणं सतत एकाच घरातून घेतलं तरी तेच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडे, आणि तेही गावाने स्वतः मोजलेले. गावातल्या दहा विहिरी निवड : काही ओढ्याकाठच्या, काही माळावरच्या. प्रत्येक कठड्यावर रंगाने एक खूण कर आणि नेहमी त्या खुणेपासूनच पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटारी सुरू व्हायच्या आधी. उपसा सुरू झाल्यावर मोजलं तर पातळी खोटी दिसते, आणि एक आकडा खोटा निघाला की उरलेल्या वहीवरचाही विश्वास उडतो. सरकारच्या भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या जातात. त्या महिन्यांचे आकडे शेजारी ठेवता आले तर उत्तम. मोजायचं काम शाळेतल्या मुलांकडे आणि विहीरमालकांकडे दे, आणि आकडे शाळेच्या भिंतीवर लिहू दे. तुझ्या लॅपटॉपमध्ये ठेवलेस तर ते संस्थेचे राहतील.

मग हिशेब मांड. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 4,000 लिटर पाणी. ज्वारीला 450 ते 650 मिलिमीटर लागतं, उसाला 1,500 ते 2,500. मधले आकडे धरले तर एकरभर ज्वारीला सुमारे 22 लाख लिटर आणि एकरभर उसाला 80 लाख. हे तू सांगू नकोस. फळ्यावर पाऊस, विहिरी आणि पिकाखालचं क्षेत्र लिही आणि गुणाकार कोणाला तरी करायला लाव. ऊसवाला आणि ज्वारीवाला एकाच फळ्यासमोर बसले की पुढचं बोलणं तेच करतात. तिथे तू मध्ये पडून निष्कर्ष सांगितलास, तर चर्चा पाण्यावरून उठून तुझ्यावर येईल.

सभेत बोलता येत नाही याची तुला काळजी वाटते. या कामात सभेचा निकाल सभेच्या आधीच लागलेला असतो. ज्याचा विरोध असेल असं वाटतं, त्याच्या घरी आधी जा. "तुम्हाला यात काय खटकतं?" एवढं विचार आणि ऐक. बऱ्याचदा खरी अडचण निघते : त्याची विहीर सामाईक असते, किंवा कर्ज उसाच्या बिलावर असतं. ती अडचण ठरावात आली तर तोच माणूस पुढे ठरावाची राखण करतो. चारचौघांत त्याला खोडून काढलंस तर तो गप्प बसेल आणि रात्री बोअरची गाडी बोलावेल. तेव्हा कमी बोलणारी असणं इथे उणीव नाही. ऐकून घेणारी, सांगितलेल्या दिवशी येणारी आणि जमणार नसेल तर आधी कळवणारी, एवढी तू असलीस तर पुरे.

कायद्याचाही आधार घे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. अनेक गावांत ती फक्त कागदावर, सह्या गोळा करून होते. ती खरोखर भरवता आली तर तुझं अर्धं काम झालं, कारण हंड्याचं पाणी कुठून येतं हे बायांना सांगावं लागत नाही. वेळ मात्र त्यांच्या सोयीची ठेव. सकाळी दहाला ठेवलेल्या सभेला खुरपणीला गेलेली बाई येणार नाही.

एकमत कितपत ताणायचं, यावर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा अनुभव अभ्यास. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एखाद्याला पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. शिवाय निर्णयाची घाई नसलेला वेगळा अभ्यासगट असतो, तिथे माहिती गोळा होते आणि बाहेरच्या माणसांशी चर्चा होते. ही पद्धत फार संथ आहे. पण वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना हाती आला, तेव्हा ती जबाबदारी पेलायची सवय गावाला आधीच लागलेली होती. तुझ्या पाच गावांत पूर्ण सर्वसहमती जमेलच असं नाही. निदान पाण्याच्या निर्णयावर हात वर करून मतदान घेऊ नकोस. हरलेला गट मोटार चालूच ठेवतो.

प्रभावाचा आणखी एक झरा म्हणजे हातातलं कसब. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं : वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असेल तर धोका, हे त्या घड्याळ लावून सांगू शकत होत्या. पुढे देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात बाळाच्या घरभेटी आल्या त्या याच वाटेने. त्या बायांना गावाने मानलं, कारण त्यांना एक गोष्ट नेमकी येत होती. तुझ्याकडे कृषीची पदवी असेल. माती परीक्षणाचा कागद वाचून खताचा हिशेब सांगता येणं आणि ठिबकचा तुंबलेला फिल्टर साफ करून दाखवता येणं, याने दारं उघडतील.

बिघडतं कुठे तेही सांगायला हवं. पहिलं, निधी लवकर आणणं. पैसा आधी आला की लोक ठेकेदारीच्या हिशेबाने जमतात आणि पैसा संपला की पांगतात. दुसरं, योजनेबद्दल "होऊन जाईल" असं म्हणणं. मंजुरी तुझ्या हातात नाही. "अर्ज या तारखेला देऊ, पुढे काय झालं ते येऊन सांगेन" एवढंच बोल. तिसरं, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) वगळणं. त्यांना बाजूला ठेवून काम होतं, पण ते तुझी पाठ फिरेपर्यंत टिकतं. आणि सगळ्यात जास्त आढळणारं म्हणजे सगळं स्वतः करणं. बैठकीचं इतिवृत्त, वर्गणीचा हिशेब, तालुक्याला फेरी, सगळं समन्वयकच करतो आणि त्याचं कौतुकही होतं. वर्षभराने मुद्दाम एक मासिक बैठक चुकव. बैठक झाली, विहिरी मोजल्या, वहीत लिहिलं गेलं, तर काम उभं राहिलं. नाही झाली, तर पुढच्या महिन्यापासून एकेक काम नाव घेऊन गावातल्या माणसाकडे सोपव.

आता बाबांशी काय बोलायचं ते. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 वर्षं आहे, मागासवर्गीयांना 43. दोन वर्षं गावात काम केल्याने ती वाट बंद होत नाही. मात्र काम आणि अभ्यास एकाच वेळी होईल अशी आशा धरू नकोस. संध्याकाळच्या बैठकांमुळे दोन्ही अर्धवट राहतात. पुढे शिकायचं ठरलं तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र तुझ्या जवळ आहे, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेशाला आणि अभ्यासाला आधीचा गावातला अनुभव उपयोगी पडतो. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' ही 13 महिन्यांची फेलोशिपही पदवीनंतर करता येते. नोकऱ्या आहेत : महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) सहयोगिनी, राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे ('उमेद') प्रभाग समन्वयक, पाणलोटात काम करणाऱ्या संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या. बहुतेक कंत्राटी, पगार बेताचे आणि प्रकल्पाबरोबर संपणाऱ्या. हे बाबांना आधीच सांग, त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.

होकार द्यायच्या आधी संस्थेला लेखी विचार : प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे? पेट्रोलचा खर्च पगारात धरला आहे की वेगळा मिळतो? रात्रीच्या बैठकीनंतर मुलींची राहायची किंवा परतायची सोय काय? आधीचा समन्वयक का गेला, आणि त्याच्याशी बोलता येईल का? पहिल्या तीन महिन्यांत किती सभा, किती फोटो असं उद्दिष्ट देणार असाल, तर ते बदलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला ठाम "नाही" आलं तर ही जागा सोड आणि दुसरी शोध. ज्या संस्थेला पहिल्याच महिन्यात सभेचे फोटो हवे असतात, ती तुला शिवारफेरीला वेळ देणार नाही. उत्तरं आली की बाबांनाही दाखव, आणि जमलं तर एकदा त्यांना त्या पाचांतल्या एका गावी सोबत घेऊन जा.